शिवण

एकोणनव्वद साली, सांगलीत, गणपती पेठेत,
हळदीच्या अडतीवरच्या दहा बाय बाराच्या खोलीत
मी आणि शांतिनाथ मगदूम कॉम्प्युटर जोडायचो.
मुंबईहून एसटीनं खोकी यायची:
कुणाचा प्रोसेसर, कुणाची मेमरी, तैवानचा बोर्ड,
सगळं बाजारातलं, पावतीसकट.
मूळ कंपनीनंही तसंच केलेलं म्हणे, घाईत.
आपलं म्हणून राखली एकच चिप,
मशीन जागं होताना पहिला शब्द बोलणारी.

तीही झालीच लोकांची.
एकानं ती वाचून कागदावर लिहायचं
ती काय करते. कशी, ते नाही.
दुसऱ्यानं, ती चिप कधीच न बघितलेल्यानं,
त्या कागदावरून नवी लिहायची.
शांतिनाथ म्हणायचा, शेजारणीनं चव सांगायची,
फोडणी आपली.

मग मिरजेचे डॉक्टर हेरवाडकर
एक बुटकं, पांढरट मशीन घेऊन आले,
मेव्हण्यानं परदेशातून पाठवलेलं.
"असंच एक दवाखान्यात पाहिजे. तुमच्या भावात."
चार रात्री ते टेबलावर उघडं पडलं.
तीन मोठ्या चिपा, कंपनीच्या घरच्या.
नंबर होते, पण कुठल्याच यादीत नव्हते.
चित्र, आवाज, वेळेचा हिशेब,
सगळं तिघींच्या आपसात.
शांतिनाथनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.
"ह्याला शिवणच नाही. उसवायचं कुठून?"

पुढं समोरच मुनीर अत्तारानं दुकान टाकलं.
तसलीच पाटी, दोनशे रुपये कमी.
शांतिनाथ वर्षभर माझ्याशी बोलला नाही.
कारण मुनीरला चहावर मीच सांगत होतो
शांतिनाथ काय करतो.
कसं करतो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पाच सालच्या पुरात सगळं बुडालं.
आमची मशीनं, मुनीरची मशीनं
वाळवून, ह्याचं त्याला लावून,
आठवड्यात उठून बसली.
डॉक्टरांचं तेवढं उठलं नाही.
एक चिप मेली होती,
तिला सख्खं असं जगात कोणी नव्हतं.

शांतिनाथ आता कागवाडला, लेकीकडं.
काल मुनीर कोरी वही घेऊन आला.
"ते पांढरं मशीन तुम्ही चालू बघितलंय.
काय करायचं ते, तेवढं सांगा."
बराच वेळ मी पेन धरून बसलो.
मग लिहिलं:
एक. बटण दाबल्यावर आधी थोडा वेळ
काहीच करत नाही.