उपाशीपोटी

धंतोलीत, तळमजल्यावर, माझी अंधारी खोली.
बाहेर सेहेचाळीस अंश.
भिंतीवर पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
शेवंताबाई निमजे, वय बासष्ट, गोळीबार चौक.
डोळ्यांत हळद उतरलेली,
गळ्यात काविळीची माळ,
सुनेनं कामठीहून मंतरून आणलेली.

"चाळीस वर्षांत पह्यल्यांदा
रस्सा न चाखता उतरवला, डाक्टरीणबाई.
तुम्ही उपाशी या म्हणलं ना."
सावजी खानावळ. मसाला अजून स्वतः वाटते,
मनगटं सांगतात.

जेल थंड लागलं तशी हसली.
"कलेजी म्या हजारोंले वाढली.
आज माही दाखवा."

दाखवली.
उजव्या फासळ्यांखाली,
पोटाला छप्पर घातल्यासारखी पसरलेली.
"कळमन्याचं मार्केट समजा," मी म्हटलं,
"आतड्यातून निघालेला माल
हृदयाकडे जायच्या आधी इथे उतरतो.
निवडायचा, सडका वेगळा काढायचा,
साखर पोत्यांत भरून ठेवायची,
रात्री-अपरात्री कुणी मागितली तर सोडायची."
"आन हमाल कोन?"
"हमाल हीच. मुकादमही हीच."

"मंग काळीज म्हणतात ते हे होय,
धडधडते ते नाई."
"हे होय."
"तरीच," फासळीखाली बोट ठेवून म्हणाली,
"पोरगा दुबईले गेला, तवा इथंच ओढलं होतं."

श्वास घ्या. धरा.

पुढचं तिला शिकवावं लागलं नाही.
"ते पिशवी. फोडाचं नाई हां.
पोरीले सांगत असतो, देठासकट काप,
एक थेंब सांडला का सारी कलेजी कडू."
मी म्हटलं, कडू रस काळीजच बनवतं,
पिशवी नुसती साठवते, आटवते,
तर्री पोटात आली की पिळते.
"म्हणजे तेलाले साबन."
मी मान हलवली.
मेडिकलला मला हे समजायला
एक अख्खी टर्म लागली होती.

"खडे हायेत?"
"नाहीत."
"एकबी नाई?"
"एकही नाही."
"पाह्य! म्या म्हणलंच होतं," आणि ती उठायलाच लागली.

असते तर बरं झालं असतं.
पिशवी तट्ट फुगलेली, स्वच्छ काळी,
दाबली तरी दुखत नाही म्हणते.
आणि काळजाच्या आत ज्या नळ्या एरवी दिसत नाहीत
त्या दिसत होत्या,
उन्हाळ्यातल्या सागासारख्या,
फांदी न् फांदी.
माल वर तुंबलेला.
खाली कुठेतरी नाका बंद.

अजून एकदा. श्वास घ्या. धरा.

जठराच्या पाठीमागे, कण्यावर आडवं,
शेपूट प्लीहेकडे,
डोकं आतड्याच्या वळणात खुपसलेलं.
निम्म्या पेशंटांत गॅसच्या पडद्यामागे लपून बसतं.
आज लगेच दिसलं.
याची नळी आणि पित्ताची नळी
शेवटी एकाच दाराने बाहेर पडतात.
त्या दाराच्या जरा अलीकडे, डोक्यातच,
काळसर काहीतरी.
मोजलं. दोन पूर्णांक आठ.
परत मोजलं.
दोन पूर्णांक नऊ.

"सोडू का वं श्वास?"
सोडा सोडा. विसरलेच मी.

"आन हे काय? बकऱ्यात हे फेकून देते खाटीक."
"पचायचे रस करतं. रक्तातल्या साखरेवर नजर ठेवतं."
"नाव असन ना काही."
"स्वादुपिंड."
तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
पळीतून तळहातावर घेऊन चाखावं तसं.
"लय गोड नाव ठेवलं बाप्पा.
जल्म गेला चुलीपाशी,
मले कोनी सांगितलंच नाई."

पोट पुसायला कागद दिला.
रिपोर्ट डॉक्टर तिमांडेंकडे जाईल,
सुनेला घेऊन आजच भेटा, म्हटलं.
आजच, हे दोनदा म्हटलं.
"आता जेवू का?"
"जेवा."
"तुम्हीबी या एखांदी संध्याकाळ. तिखट कमी टाकीन."

पदर सारखा करताना माळ पुढे आली.
बेंबीला टेकली की कावीळ उतरली म्हणे.
तिनं बोटं लावून मला दाखवलं,
चारच राहिली होती.