तीन पेपरमिंटचं प्रवचन

फ्रीसलँडमधल्या त्या चर्चची किल्ली
एकतीस वर्षं सीत्स्के होकेमाकडे होती,
एप्रनच्या खिशात, पेपरमिंटच्या पुडीशेजारी.
प्रवचन तीन पेपरमिंटचं असायचं.
नवा पाद्री आला तेव्हा दोनवर आलं,
मग ऐकणारेच अकरा उरले
आणि छपराचा खर्च अकरा जणांना पेलेना.

आता योरित तिथे भिंत चढायला शिकवतो.
रंगीत खुंट्या, दोर, खडूची भुकटी.
स्तोत्रांच्या आकड्यांची लाकडी पाटी त्याने ठेवलीय,
तिच्यावर तासाचे दर लावतो.
देव आहे का, असं सीत्स्केला कुणी विचारत नाही;
शौचालय कुठे, ते विचारतात.
तसं पहिलं पूर्वीही कुणी विचारलं नव्हतंच.

मंगळवारी विन्ता येते, अस्मारा सोडलेली,
निर्वासित केंद्रातून सायकलवर, वारा अंगावर घेत.
उंबऱ्याबाहेर बूट काढते.
योरित सांगतो, बूट हवेत, पाय सोलतील.
ती म्हणते, मला चढायचं नाही.
गाद्यांच्या ढिगाजवळ भिंतीला कपाळ टेकते.
वर लटकलेला एक मुलगा आईला हाका मारतोय.

सीत्स्केचं फडकं थांबतं.
एकतीस वर्षं ती इथला चिखल पुसत आली,
बूट काढा, असं एकालाही म्हणाली नाही.
शेवटच्या रविवारी पाटीवर कुठले आकडे होते?
आठवत नाही.
खिशात हात जातो. पुडीत एकच उरलंय.
ते ती विन्ताच्या बुटांशेजारी ठेवते.
मग, चिकटेल म्हणून, उचलून
कागदावर.