वरचं भोक

सात जिनं तबेल्यात. नवरा म्हणायचा,
ही सगळी तुझी खोगीरभरती.

आठवं एटेल्कानं देब्रेत्सेनच्या बाजारात घेतलं :
बीचचं लाकूड, पापडासारखं कडक चामडं,
मागे पळीसारखी उंच पाठ,
आणि शिक्का – हुसार पलटण, ४१७.

महिनाभर चरबी चोळली.
मग रिकिबीच्या वादीवर बोट थांबलं.
कारखान्याची भोकं गोल, एका अंतरावर.
त्यांच्या वर एक वाकडं,
खिळ्यानं पाडलेलं, घाईत.

आखूड पायांचं कुणी पोर.
वय वाढवून सांगितलेलं, कदाचित.

रविवारी माळावर धुकं होतं.
तिनं तंग आवळला,
वादी त्याच भोकात अडकवली
(तिचेही पाय आखूडच)
आणि दुडक्या चालीनं निघाली.

जीन कुरकुरलं.
घोडीनं एक कान मागे वळवला.
हो गं, एटेल्का म्हणाली,
जड झालं तर सांग.