वरच्या गावातली वेळ

घाटाच्या शेवटच्या वळणावर ट्रेलर थांबला.
आलोइसने हँडब्रेक ओढला, मग टोपी काढली.
मागे डब्यात घड्याळ होतं:
ना काटे, ना लंबक, ना टिकटिक.
स्ट्रॉन्शियमचे काही हजार अणू,
प्रकाशाच्या जाळीत गारठून बसलेले.
त्यांना राजी करणारा लेझर
सेकंदाला चारशे एकोणतीस लाख कोटी वेळा थरथरतो.

"हळू," ब्राउनश्वाइगपासून इथवर
मारेइके एवढंच म्हणत आली होती.
त्याने आजवर गाभण्या गाई नेल्या होत्या,
हळू म्हणजे काय, त्याला सांगावं लागत नव्हतं.

तीन दिवस घड्याळ रुसलं.
कधी एसी गळायचा,
कधी चर्चची घंटा वाजली की आरसे शहारायचे.
पाद्रीबुवांनी दोन दिवस घंटा बांधून ठेवली,
गावाने कुरकुरत ती वेळ पोटाच्या अंदाजाने काढली.

चौथ्या रात्री आकडे शांत झाले.
खालच्या दरीतल्या घड्याळाशी फायबरमधून बोलणं झालं:
इथे वर काळ भरभर चालतो.
हजार मीटर चढलं की दिवसाला
सेकंदाचे नऊ-दहा अब्जांश.
(पळ, विपळ, निमिष...
माझ्या भाषेतली सुटी नाणी इथे संपली.)

"म्हणजे किती?" आलोइसने विचारलं.
"म्हणजे काहीच नाही," मारेइके म्हणाली,
पण हसली नाही.

डिझेलच्या पावतीमागे त्याने गुणाकार मांडला.
वीस वर्षं तो खाली होता,
तालावर ट्रक, ऑग्सबुर्ग, लिंत्स,
वर्षातून दोनदा घरी, तेही हिमवादळ नसलं तर.
आई वर. त्याच स्वयंपाकघरात, त्याच खिडकीशी.
उत्तर आलं: सेकंदाचे एकोणसत्तर दशलक्षांश.

"म्हणजे मी जितका गेलो होतो," तो म्हणाला,
"त्याहून जास्त वेळ तिने वाट पाहिली."

मारेइकेने पावती हातात घेतली.
शून्यं मोजली, पुन्हा मोजली.
एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता, तो सरकवला,
बाकी हिशेब बरोबर होता.

पहाटे घंटा सोडली तेव्हा
ती पाच मिनिटं उशिरा वाजली.
कोणी काही बोललं नाही.
आलोइसने पहिला गिअर टाकला,
उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून,
निदान तसं तो म्हणाला.