नजरअंदाज

कॅनरी व्हार्फ, एकविसावा मजला, डिसेंबर.
चार वाजताच काचेत अंधार.
थेम्सवर एकच बोट, तीही रिकामी.

माझ्या टेबलावर तीनशे बारा करार.
प्रत्येकातून लायबॉर हा शब्द उपटायचा
आणि त्या खळग्यात सोनिया लावायचा.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"नवी सून आल्यासारखं बोलतेस."

शेजारी कीथ ओलरनशॉ. निवृत्तीला सात आठवडे.
एके काळी रोज सकाळी अकराच्या आत
तो एक आकडा पाठवायचा.
प्रश्न असा असे:
आत्ता उसने मागितलेत, तर कितीने मिळतील?
मागायचे नाहीत. फक्त सांगायचं.
"आणि त्यावर," तो म्हणतो, "लोक घरं घ्यायचे."
मग कपाच्या तळाशी बघत बसतो.
मी काही विचारत नाही.

आमचे अण्णा तलाठी होते, जत तालुक्यात.
सप्टेंबरात बांधावर उभे राहून डोळे बारीक करायचे:
"आठ आणे. फार तर नऊ."
ती नजरअंदाज आणेवारी.
खरी कळायची मागाहून,
चौकोन आखून, कापून, मळून,
तागडीत घालून.
"बांधावरून सगळंच हिरवं दिसतं गं," म्हणायचे,
तरी कागदावर आधी डोळाच चढायचा.

सोनियाला डोळा नाही.
काल रात्री खरोखर जे उसने दिले-घेतले गेले,
तेवढंच तोलून सकाळी नऊला सांगते.
अण्णांना आवडली असती.

करार दोनशे चार. ग्रिम्सबी, मासळीचं शीतगृह, १९९७.
ऋणको: दोघे भाऊ. थोरला आता नाही.
कलम अकरा: दर न मिळाल्यास
लंडनच्या तीन बँकांना फोन करून विचारावा.
दरच मेला तर काय,
हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.
थोरल्याची सही मोठी, ओळीबाहेर गेलेली.

धाकट्याला पत्र धाडलं होतं. आज त्याचा फोन.
"व्याज किती, ते कधी कळणार?"
"तिमाही सरता सरता."
"आणि तोवर मी बाजूला किती काढून ठेवू?"
मागे कुठेतरी बर्फाचं यंत्र घरघरतंय.
मी खिडकीकडे बघते, डोळे बारीक करते,
आणि एक आकडा सांगते.

कीथ मान वर करतो.
काही बोलत नाही.
बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवतो.