कानांवर हात

सोमवारी झेड ड्राइव्हवर लाल फुली.
थोरगेर्दुरनं केबल काढली, लावली,
राउटर झोपवून उठवला,
पिंग केलं तर सर्व्हर लगेच ओ देतो,
शहाण्यासारखा.
फोल्डर मागितलं की कानांवर हात.

आणि फोल्डरात तर सगळे कानच आहेत:
हुसाविकच्या आसपासच्या मेंढ्यांचे,
कुणाचा डावा टोकाशी चिरलेला,
कुणाचा उजवा मागून खाचलेला,
खूण पाहून धनी ओळखायचा.
बाहेर डोंगरावरून उतरवलेला कळप
कुंपणात ओलाचिंब, बेंऽबेंऽ करत,
कुणाचा ते ठरायचं राहिलेला.

दुपारी कळलं, शनिवारच्या अपडेटनं
यंत्रात जपलेला एक पासवर्ड पुसला.
अकरा वर्षं अख्खं ऑफिस आत जात होतं
एकाच माणसाची खूण कानावर घेऊन.
बेर्गस्वेन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

फोनवर म्हणाला, नाही बुवा आठवत.
तरी आला. लोकरीची टोपी न काढताच बसला.
तिनं रीत म्हणून तोंड खिडकीकडे वळवलं.
बोटं चालली, अडली,
मागे येऊन पुन्हा चालली.
एन्टर.

फुली गेली.
"काय होता हो?"
तो बोटांकडे बघत राहिला. "यांना विचार."

मग तिनं नवं खातं उघडलं, स्वतःच्या नावाचं,
पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला,
चिठ्ठी फाडली, पुन्हा लिहिली.
तो कॉफी संपवून दाराशी घुटमळला:
"माझं नाव काढलंस का गं यादीतून?"

अजून नाही, म्हणाली.
काढते, असं नाही म्हणाली.