आतली बाजू

वाळूजला एका शेडमध्ये मी स्टोअर सांभाळतो.
कपाटात नट, बोल्ट, पॉलिश पेपर,
फडक्यांचं गाठोडं
आणि हँडग्लोज. साइज दहा.
सगळे दहाच.
ऑर्डर देणाऱ्यानं
स्वतःचा पंजा पाहिला असणार.

समिंद्रा खरात, सेकंड शिफ्ट,
रांजणगावहून पायी येते.
थिनरच्या ट्रेमधून पार्ट काढते, पुसते, हुकाला लावते,
शिफ्टला अकराशे.
तिची बोटं संपतात
तिथून पुढं इंचभर ग्लोज नुसता लोंबतो.
मनगटाच्या सैल कडेनं थिनर आत उतरतो,
त्या रिकाम्या इंचात साचतो
आणि सुट्टीचा भोंगा होईस्तोवर तिथंच मुक्काम करतो.

"उघड्या हाताला वारं तरी लागतंय, भाऊ.
ह्याच्यात तर लोणच्यावाणी मुरायलंय."
मी रजिस्टरात लिहिलं :
दिले, एक जोड.
ऑडिटवाल्यानं हिरवी टिक केली.
कागदावर तिचे हात झाकलेले होते.

वास आला की नाक कुरकुरतं,
डोळा लगेच पाणी काढतो.
कातडं मुकाट.
दार वाजलं नाही तरी उघडतं,
आत कोण गेलं ते घरच्यांनाही सांगत नाही.

मग एका सोमवारी
गेटवरच्या मशीननं तिचा अंगठा ओळखला नाही.
लाल दिवा. पुन्हा ठेव. लाल.
वॉचमन ढवळे म्हणाला, हात धुऊन ये.
"धुऊन धुऊनच असं झालं, मामा," ती म्हणाली.
(थिनरनंच धुतात सगळ्या. साबणाची वडी
माझ्याच कपाटात, कुलपात.)

त्या दिवशी अर्धा पगार गेला तिचा.

मी खरेदीला लिहिलं : साइज सात, नायट्राइल.
उत्तर आलं : दहा सर्वांना होतो.
जेवणाच्या सुट्टीत सुतळी घेऊन बसलो.
अकरा बायांचे पंजे मोजले,
प्रत्येकीचा तुकडा कापला, गाठ मारली,
चिठ्ठीवर नाव.
कौतिकाबाई लाजली, "बांगड्या भरायल्यात का?"
अकरा सुतळ्या पाकिटात घालून पाठवल्या.
मजकूर काहीच लिहिला नाही.

दोन महिन्यांनी खोकं आलं.
अकराजणींत सात जोड.

समिंद्रानं पहिला ग्लोज तोंडाजवळ नेला,
फुगवला, मुठीत आवळून
बादलीत बुडवला.
पाचोड फाट्यावर तिच्या बापाचं पंक्चरचं दुकान होतं.
आम्ही सगळे वाकून बुडबुडा शोधत होतो.
नव्हता.
आता रोज सुट्टी झाली की
ती ग्लोज उलटा करते,
आतली बाजू बाहेर,
हुंगून बघते, मगच वाळत घालते.
उरलेल्या चौघी अजून दहाच घालतात.
दुसरं पत्र टाकलंय.

अंगठा उमटत नाही अजून.
डॉक्टर म्हणाले, कातडीला तिचा वेळ द्या.
तोवर ती पेनानं सही करते.
समिंद्रातला 'द्रा' रकान्याबाहेर जातो,
शेजारच्या नावावर चढतो.
नव्या रजिस्टरात
मी रकाना रुंद आखलाय.